कर्नल अपडेटनंतर सर्व्हरची डिस्क रेंगाळायला लागली? आधी कर्नल आणि रीबूट वेगवेगळे करा

जळगाव एमआयडीसीतली डाळमिल घ्या, चटईचा कारखाना घ्या, नाहीतर सावदा-रावेरकडचं केळीच्या व्यापाऱ्याचं ऑफिस घ्या, सर्व्हर म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच पेटी असते, कोपऱ्यात टेबलाखाली, त्यात लिनक्स, त्यावर डेटाबेस आणि सांबाचं (विंडोजवाल्यांना फाइली देणारा प्रोग्राम) शेअर फोल्डर, आणि "त्याला हात लावू नका" अशी सक्त ताकीद. ती महिनोन्‌महिने बंद होत नाही. मग एका सुट्टीला कोणीतरी अपडेट मारतं, रीबूट करतं, आणि सोमवारी सकाळी शेठचा फोन, "भाऊ, एक बिल सेव्ह व्हायला मिनिट लागून राहिलं, काय करून ठेवलं तुम्ही?"

आणि मग सगळे मिळून कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, खापर फोडतात. कधी ते बरोबर असतं, पण खूपदा चोर सोडून संन्याशाला फाशी. कारण त्या रात्री एक नाही, दोन गोष्टी झालेल्या असतात: कर्नल बदलला, आणि खूप दिवसांनी मशीन बंद होऊन चालू झालं. दुसऱ्या गोष्टीकडे कोणी बघतच नाही. खालची सगळी पद्धत या दोन गोष्टी सुट्या करण्याची आहे.

कमांड फोनवर सांगतात तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी लिपीत छोट्या अक्षरांत टाका, जिथं कॅपिटल लागतं तिथं सांगितलंय. आणि बॅकअप आहे का ते आधी बघा, आहे म्हणजे फाइल उघडून बघा, नुसतं फोल्डर दिसतंय म्हणून समाधान मानू नका.

नक्की काय काय बदललं ते काढा

"युनेम डॅश आर" मारलं की चालू कर्नलचा नंबर येतो. "लास्ट रीबूट" मारलं की मशीन कधी कधी सुरू झालं आणि प्रत्येक वेळी कोणत्या कर्नलवर, ते दिसतं. आता उबुंटू-डेबियन असेल तर /व्हार/लॉग/एपीटी मधली हिस्टरी लॉग फाइल उघडा, रॉकी, अल्मा किंवा रेडहॅट असेल तर "डीएनएफ हिस्टरी".

इथंच पहिली गंमत कळते. उबुंटूवर ऑटो-अपडेट चालू असेल तर नवीन कर्नल कदाचित खूप आधीच येऊन बसलेला असतो, फक्त रीबूट न झाल्याने लागू झालेला नसतो. म्हणजे तुम्ही एक अपडेट मारलं असं वाटतं पण प्रत्यक्षात चार-पाच कर्नलची उडी एकदम पडलेली असते. शिवाय त्याच यादीत मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस पण अपडेट झालंय का ते बघा, झालं असेल तर डिस्क बिचारी निर्दोष पण असू शकते.

आकडा काढल्याशिवाय काही बदलू नका

"स्लो वाटतंय" वर काम करता येत नाही. सिसस्टॅट नावाचं पॅकेज टाका आणि गर्दीच्या वेळी "आयओस्टॅट डॅश एक्स १" चालू ठेवा. पहिला तक्ता सोडून द्या, तो बूट झाल्यापासूनची सरासरी असते, दुसऱ्यापासून पुढं बघा. आर-अवेट आणि डब्ल्यू-अवेट हे दोन कॉलम महत्त्वाचे, एका रीडला आणि एका राइटला किती मिलिसेकंद थांबावं लागलं ते सांगतात. ७२०० आरपीएमची साधी हार्डडिस्क एक फेरा ८.३३ मिलिसेकंदात मारते, म्हणजे सरासरी अर्धा फेरा ४ च्या वर, त्यात हेड सरकायला आणखी वेळ, म्हणून १०-१५ मिलिसेकंद तिथं नॉर्मल. एसएसडीवर तेवढं दिसलं तर काहीतरी बिघडलंय. युटिल कॉलम १०० दाखवला म्हणून घाबरू नका, हार्डडिस्कसाठी तो बऱ्यापैकी खरा, पण एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची एसएसडी, एकाच वेळी बरीच कामं घेतं त्यामुळे १०० दिसूनही दमलेलं नसतं.

अवेट कमी आणि तरीही प्रोग्राम हळू? मग डिस्क सोडा, नेटवर्क किंवा डेटाबेसकडे वळा.

अवेट जास्त असेल तर "पिडस्टॅट डॅश डी १" किंवा "आयओटॉप" मारून कोण एवढं लिहून-वाचून राहिलं ते बघा. खूपदा उत्तर इथंच मिळतं, अँटिव्हायरसचा स्कॅन, नाहीतर रात्रीचा बॅकअप दिवसा चालू झालेला.

स्पीड मोजायला लोक डीडी ही कॉपीची कमांड मारतात आणि "दीड जीबी पर सेकंद येतोय, डिस्क एकदम फास्ट" म्हणतात. ती रॅम मोजली तुम्ही. डीडी वापरायचंच तर "ओफ्लॅग बरोबर डायरेक्ट" लावा, नाहीतर "कॉन्व्ह बरोबर एफडेटासिंक". त्यापेक्षा फायो हे डिस्क मोजायचं टूल टाका, स्पेलिंग एफ-आय-ओ. ऑप्शन असे: डिरेक्टरी म्हणून डेटाच्याच पार्टिशनवरचं एक रिकामं फोल्डर, साइज १जी, आरडब्ल्यू रँडरीड, बीएस ४के, डायरेक्ट १, आयओइंजिन लिबएआयओ, रनटाइम ६०, सोबत टाइम-बेस्ड. नंतर तेच रँडराइट आणि एफसिंक १ लावून परत. आणि एक नीट ऐका: फायोला राइट टेस्टसाठी थेट /डेव्ह/एसडीए देऊ नका, तो डेटावरच लिहून मोकळा होतो.

साध्या हार्डडिस्कला रँडम रीडमध्ये शंभराच्या आगेमागे आयओपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी कामं, येतील, ४ केबीने गुणलं की ४०० केबी पर सेकंद. हे बघून लोकांना घाम फुटतो, पण ती डिस्क पहिल्यापासून तेवढीच आहे. सलग वाचन-लेखनात तीच डिस्क १५०-२०० एमबी देते. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही, हेच आकडे जुन्या कर्नलवर काय येतात ते महत्त्वाचं. वहीत लिहून ठेवा.

रीबूटने जे होतं ते आधी तपासा, मशीन बंद न करता

पहिलं म्हणजे कॅशे. महिनोन्‌महिने चालू असलेल्या मशीनच्या रॅममध्ये रोजच्या फाइली साठलेल्या असतात, डिस्कला फारसं विचारावंच लागत नाही. रीबूट झाला की ते सगळं रिकामं, पहिला अर्धा-एक दिवस प्रत्येक गोष्ट डिस्कवरून येते. "फ्री डॅश एम" मध्ये बफ-कॅशेचा आकडा दुपारपर्यंत वाढत गेला आणि तक्रार कमी झाली तर काहीच करायचं नाही, चहा प्या.

दुसरं, सॉफ्टवेअर रेड (एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क जोडून चालवणं) असेल तर "कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट". तिथं रीसिंक किंवा चेक आणि टक्केवारी दिसली की विषय तिथंच मिटला. आपल्याकडे अपडेट कधी मारतात? रविवारी, कारण दुकान बंद. आणि डेबियन-उबुंटूवर रेडचा चेक महिन्याच्या पहिल्या रविवारी लागतो, रेडहॅट घराण्यात आठवड्याच्या रविवारी पहाटे. योगायोग नाही, दोघांनीही मोकळा वार बघितला! ४ टीबीची डिस्क १५० एमबीच्या वेगाने तपासायची म्हटली तरी साडेसात तास लागतात, आणि मध्ये लोकांनी काम सुरू केलं की चेक मागं सरकत सरकत सोमवार संध्याकाळपर्यंत लांबतो. घाई असेल तर /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड मधल्या स्पीड-लिमिट-मॅक्स फाइलमध्ये कमी आकडा टाका, म्हणजे चेक हळू होईल पण बिलिंग चालेल. नुसता चेक असेल तर पुढे ढकलला तरी चालतो, पण खरा रीसिंक किंवा रिकव्हरी असेल तर ती पूर्ण होऊ द्या, तेवढा वेळ तुमचा डेटा एकाच डिस्कवर उभा असतो. लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं असेल तर रीसिंक येणारच, तो छोटा व्हावा म्हणून "एमडीएडीएम ग्रो बिटमॅप इंटर्नल" करून ठेवा, चोपडा-यावल साइडला जिथं लाइटचा भरवसा नाही तिथं तर पहिल्या दिवशीच.

तिसरं, हार्डवेअर रेड कार्ड. यावर एक बॅटरी असते, तिच्या जिवावर कार्ड राइट-बॅक कॅशे चालवतं, म्हणजे लिहायचं ते आधी कार्डाच्या मेमरीत घेतं आणि डिस्कवर नंतर टाकतं. बॅटरी म्हातारी झाली की कार्ड गपचूप राइट-थ्रूवर जातं आणि डेटाबेसचं प्रत्येक कमिट थेट फिरत्या डिस्कपर्यंत जायला लागतं, बिल सेव्ह करायला वेळ लागतो तो असा. कार्डाच्या युटिलिटीत, म्हणजे स्टोरसीएलआय किंवा तुमच्या कंपनीचं जे असेल त्यात, बॅटरीची हालत आणि कॅशे पॉलिसी बघा. बॅटरी मेली असताना "राइट-बॅक जबरदस्तीने चालू" हा ऑप्शन दिसेल. तो मारू नका, बॅटरी मागवा. कार्ड नसेल तर "एचडीपार्म डॅश कॅपिटल डब्ल्यू" आणि पुढं डिस्कचं नाव, एवढ्याने डिस्कचा स्वतःचा राइट कॅशे चालू आहे का ते कळतं.

चौथं, डिस्क स्वतः. "डीमेसेज" (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) मध्ये एटीए एरर शोधा. "लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५" अशी ओळ दिसली तर कर्नलने एरर बघून वेग खाली आणलाय, ६ जीबीपीएसची लाइन दीडवर. मग "स्मार्टसीटीएल डॅश ए" मध्ये यूडीएमए-सीआरसी-एरर-काउंट वाढत असेल तर डिस्क नाही, केबल खराब आहे, डाळमिलच्या धुळीत कनेक्टरची काय अवस्था होते ती उघडून बघा. करंट-पेंडिंग-सेक्टर शून्यापेक्षा जास्त असेल तर मात्र डिस्क बदला, आज बदला.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या पुढं जातो, बंद खोलीत टेबलाखाली किती असेल विचार करा. एनव्हीएमई तापलं की स्वतःहून वेग कमी करतं. "एनव्हीएमई स्मार्ट-लॉग" मारा, त्यात तापमान तर दिसतंच, पण वॉर्निंग टेम्परेचर टाइम हा आकडा जास्त कामाचा, किती मिनिटं लाल रेषेच्या वर काढली ते सांगतो. सकाळी ९ ला ठीक आणि दुपारी ३ ला रडतंय, परत रात्री ठीक, असं असेल तर कर्नलच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कूलर सर्व्हरच्या तोंडावर मात्र लावू नका, दमट हवा आत जाते, एसी नाहीतर नुसता पंखा.

शेवटचं, कोणीतरी कधीकाळी "सिसकंट्रोल डॅश डब्ल्यू" (स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल) ने एखादं सेटिंग बसवलं होतं आणि फाइलमध्ये लिहिलंच नव्हतं, असंही सापडतं. रीबूटला ते उडालं. जुन्या माणसाला फोन करून विचारा.

आता खरा निकाल: जुन्या कर्नलवर बूट

वरचं सगळं स्वच्छ निघालं तर रात्री दुकान बंद झाल्यावर अर्धा तास मागून घ्या. ग्रब मेनूत (मशीन सुरू होताना कर्नल निवडायची यादी) अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल असतो, रेडहॅटवाले डीफॉल्टने तीन ठेवतात. मशीन लांब असेल, म्हणजे तुम्ही धुळ्यात आणि सर्व्हर नंदुरबारला, तर उबुंटूवर "ग्रब-रीबूट" कमांडने फक्त पुढच्या एका बूटसाठी जुना कर्नल निवडता येतो, त्यासाठी ग्रबच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट "सेव्हड" असावं लागतं. रेडहॅटवर "ग्रबी" वापरा. तिथं कोणीतरी माणूस बसवून ठेवा हे सांगायला नको.

जुन्यावर तोच फायो, तेच ऑप्शन, तेच फोल्डर. मग परत नव्यावर. दोन्हीवर आकडे सारखेच खराब आले तर कर्नल सुटला, वरच्या यादीकडे परत जा. जुन्यावर चांगले आणि नव्यावर खराब, आणि दोनदा करूनही तसंच, तेव्हाच पुढचं वाचा.

कर्नलच कारण असेल तर: शेड्युलर

हे सगळ्यात जास्त सापडणारं. मोठी उडी मारली असेल, म्हणजे सेंटओएस ७ चा ३.१० सोडून ४.१८ वर, किंवा उबुंटू १८.०४ चा ४.१५ सोडून ५.४ वर, तर डिस्कच्या कामांची रांग लावणारी व्यवस्थाच बदललेली आहे. जुने सीएफक्यू, डेडलाइन, नूप हे मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० कर्नलमधून काढून टाकले. आता नन, एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू आणि कायबर. ग्रबमध्ये "एलिव्हेटर बरोबर अमुक" लिहून ठेवलेलं असेल तर ५.४ पासून ते नुसतं शोभेला आहे.

"कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर" मारा (क्यूचं स्पेलिंग क्यू-यू-ई-यू-ई), चौकोनी कंसात जे दिसतं ते चालू आहे. एनव्हीएमईला नन ठीक. साटा एसएसडी आणि डेटाबेसला एमक्यू-डेडलाइन. एकाच फिरत्या डिस्कवर फाइल शेअर पण आणि बॅकअप पण अशी आपली नेहमीची खिचडी असेल तर बीएफक्यू करून बघा, त्याच फाइलमध्ये नाव लिहिलं की लगेच बदलतो, रीबूट लागत नाही. यादीत दिसत नसेल तर आधी "मॉडप्रोब बीएफक्यू".

यातली एक बारीक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये "आयओनाइस डॅश सी ३" लिहिलेलं असतं, अर्थ असा की बाकी कोणाचं काम नसेल तेव्हाच डिस्कला हात लाव. सीएफक्यू ते पाळायचा. एमक्यू-डेडलाइन सुरुवातीच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये आयओनाइस मानतच नव्हता, ५.१४ पासून मानायला लागला. म्हणजे कालपर्यंत दुपारी चालणारा बॅकअप कोणाला जाणवत नव्हता आणि अपडेटनंतर तोच बॅकअप सगळ्यांच्या उरावर बसला. स्क्रिप्ट तीच, डिस्क तीच. यावर उपाय बीएफक्यू, नाहीतर बॅकअप रात्री ढकला, आरसिंक असेल तर बीडब्ल्यूलिमिट लावा.

शेड्युलर कायम ठेवायला यूडेव्हचा (डिस्क वगैरे ओळखून सेटिंग लावणारी व्यवस्था) नियम लागतो, /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये एक फाइल, त्यात कर्नल नाव एसडी आणि पुढं कुठलंही अक्षर, क्यू-रोटेशनल १ असेल तर क्यू-शेड्युलर बीएफक्यू. रेडहॅट घराण्यात ट्यून्ड (सेटिंग आपोआप लावणारी सेवा) चालू असेल तर त्याच्या प्रोफाइलमध्ये टाका, नाहीतर तुम्ही एक लावाल आणि ट्यून्ड दुसरं.

सुरक्षेचे पॅच

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर बाहेर आले तेव्हापासून कर्नलमध्ये प्रोसेसरच्या भोकांना ठिगळं लागत आलीत, २०२२ ला रेटब्लीड, २०२३ ला डाउनफॉल. प्रत्येक सिस्टिम कॉलला थोडा जास्त खर्च. एनव्हीएमईवर बारीक बारीक आयओ भरपूर असेल आणि प्रोसेसर जुना असेल तर हे जाणवतं. फिरत्या डिस्कवर नाही, तिथं डिस्कच एवढी हळू की प्रोसेसरचे मायक्रोसेकंद कोण मोजतं. "एलएससीपीयू" च्या शेवटी कोणतं ठिगळ लागलंय ते दिसतं. एका बूटला "मिटिगेशन्स बरोबर ऑफ" टाकून मोजा, फरक कळेल, मग परत चालू करा. ज्या सर्व्हरवर बाहेरचे लोक लॉगिन करतात किंवा व्हर्च्युअल मशीन भाड्याने दिलीत तिथं हे बंद ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

३२ बिटवाली जुनी पेटी

अकाउंटिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालावं म्हणून अजून बऱ्याच ठिकाणी ३२ बिट लिनक्स आहे आणि वर रॅम १६ जीबी टाकलेली, पीएई (३२ बिटलाही ४ जीबीच्या वर रॅम वापरू देणारा) कर्नलच्या जोरावर. "युनेम डॅश एम" ने आय६८६ दाखवलं तर हे वाचा. लक्षण एकदम ठरलेलं: बूट झाल्या झाल्या वेग मस्त, मग एखादी मोठी फाइल कॉपी केली की राइट केबीवर येऊन बसतं आणि तिथून उठत नाही. कारण ३२ बिट कर्नलला थेट हाताशी लागणारी मेमरी ९०० एमबीच्या आत, आणि न लिहिलेला डेटा किती साठवू द्यायचा हा हिशोब तेवढ्यावरच होतो, १६ जीबीवर नाही. जितकी रॅम जास्त तितकं ती सांभाळायलाच त्या ९०० मधलं जास्त जातं, मग मर्यादा इतकी छोटी होते की प्रत्येक प्रोग्रामला लिहिताना ब्रेक लागतो. "व्हीएम डॉट हायमेम-इज-डर्टीएबल" १ करा, लगेच फरक पडतो. किंवा बूटला "मेम बरोबर ८जी" देऊन रॅम कमी दाखवा, ऐकायला उलटं वाटेल पण चालतं. खरा इलाज ६४ बिट कर्नल, त्यावर जुने ३२ बिट प्रोग्राम चालतात.

उरलेलं भराभर

६४ बिटवर उलटी अडचण. डर्टी-बॅकग्राउंड-रेशो १० आणि डर्टी-रेशो २० टक्के असतो, रॅम ६४ जीबी असेल तर सहा जीबीपर्यंत राइट साठतं आणि मग हार्डडिस्कवर एकदम ओतलं जातं, चाळीसेक सेकंद सगळं गार. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये द्या, बॅकग्राउंडला २५६ एमबी आणि वरची मर्यादा १ जीबी, आणि /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये लिहून ठेवा.

एफस्टॅबमध्ये (पार्टिशन कसं जोडायचं ते सांगणारी फाइल) "नोबॅरियर" असेल तर काढा, तो डेटा डिस्कवर पक्का पोचल्याची खात्री करणं टाळतो. एक्सएफएसमधून तो ऑप्शनच गेलाय, त्यामुळे आधी खोटा वेग मिळत होता आणि आता खरा दिसतोय असं होऊ शकतं. पोस्टग्रेसचा एफसिंक बंद करून वेग वाढवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला विचारा, गावात लाइट कितीदा जाते?

प्रोसेसरचं पॉवर सेव्हिंग पण बघा, नवीन कर्नलने गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग) बदलला असेल तर परफॉर्मन्सवर आणून मोजा. व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी होस्टवर मोजा, पाहुण्याला नंतर विचारा.

काहीच लागू पडलं नाही आणि जुना कर्नल खरोखर चांगला चालतोय, तर तोच डीफॉल्ट करा, उबुंटूवर "एपीटी-मार्क होल्ड" आणि पुढं लिनक्स-इमेजचं पॅकेज, रेडहॅटवर व्हर्जनलॉक. दोन्ही कर्नलवरचे फायोचे आकडे, डीमेसेज आणि डिस्क-कंट्रोलरचं मॉडेल जोडून डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर इंग्रजीत टाका, आकडे असले की लोक दखल घेतात. होल्डची तारीख सर्व्हरच्या पेटीवर मार्करने लिहा, आणि नवीन कर्नल आला की त्याच फायोने परत मोजून होल्ड काढा.